दोन बोटांचा घाव

वाशिमच्या कोर्टात मी उभी हयात नकला करण्यात घालवली. दुसऱ्याने लिहिलेलं चुकांसकट उतरवायचं आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा, एवढंच काम. असल्या माणसाला स्वतःचं काही लिहायची सवय उरत नाही. तायडेबाबूंवर लिहायचं म्हणून बसलो तेव्हा दोन दिवस नुसता कागद चाचपत होतो. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्यांचीच पद्धत घ्यावी. आधी वजन, मग उंची, मग रंग, मग खोडी.

वजन किरकोळ. उंची बेताची. रंग काळासावळा, मानेवर उन्हाने आणखी काळवंडलेला. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. तो धुऊन धुऊन इतका विरला होता की मूळचा निळा की हिरवा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कमरेच्या पट्ट्याला नाडीने बांधलेली पितळी किल्ली. ही किल्ली मुद्देमालाच्या खोलीची. खटल्यात पुरावा म्हणून पोलीस ज्या वस्तू आणून टाकतात, त्या निकाल लागेपर्यंत सांभाळायच्या आणि निकालानंतर ज्याच्या त्याला परत करायच्या, हे तायडेबाबूंचं काम होतं. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, अकोल्याचा एक तालुका होता. कोर्टाची इमारत जुनी, आणि त्या खोलीला एकच खिडकी. आत रक्ताचे डाग वाळलेल्या कुऱ्हाडी, चोरीच्या सायकली, तांब्याचे हंडे, मोहाच्या दारूचे कॅन. वास असा की शिपाई नाकाला रुमाल लावून आत जायचा. तायडेबाबू मात्र डबासुद्धा तिथेच खायचे.

एकदा चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी एक शेळी आणली. मालक येईपर्यंत ती अंगणातल्या लिंबाला बांधली. दुपारी ती व्याली. सगळं कोर्ट हसत सुटलं. तायडेबाबूंनी शांतपणे रजिस्टर उघडून लिहिलं: 'सकाळी अकरा वाजता शेळी एक. दुपारी दोन वाजता शेळी एक, पिल्ले दोन. वाढ नैसर्गिक.' मी म्हटलं, "बाबू, पिल्लांचं काय लिहायचं? चोराने काही पिल्लं चोरली नव्हती."

"राऊत, डोळ्याले दिसते ते रजिस्टरात लिवा लागते," ते म्हणाले. "मनाले जे वाटते ते घरी न्यायचं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! फौजदाराने पंचनाम्यात 'सोन्याची पोत' लिहिली असली तरी तायडेबाबू 'पिवळ्या धातूची पोत' लिहायचे. 'रक्ताने माखलेली कुऱ्हाड' त्यांच्याकडे 'तांबूस डाग असलेली' व्हायची. वकिलांना ह्याचा भारी राग यायचा. लांबीसाठी ते फूटपट्टी वापरत नसत, बोटांनी आणि वितीने मोजत. विचारलं तर म्हणायचे, पट्टी हरवते, बोटं हरवत नाहीत.

किन्हीराजाच्या पलीकडे एक खेडं आहे, तिथले ते. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. तायडेबाबूंच्या घराण्याने छप्पन साली धम्म घेतला होता. वाशिमला त्यांची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, देव्हारा नव्हता. गावच्या देवाची मूर्ती चोरीला गेली आणि मुद्देमाल म्हणून नेमकी ह्याच माणसाच्या खोलीत येऊन पडली.

आणीबाणीच्या आगेमागे कधीतरीची ही गोष्ट. त्या काळात जुन्या मूर्तींचा धंदा फार बोकाळला होता. शेतात, पडक्या देवळात, पारावर शेकडो वर्षं पडून असलेले दगड एकाएकी महाग झाले. ते परदेशी जातात असं आम्ही नुसतं ऐकत होतो. सरकारने कायदा केला की ज्याच्याकडे अशी जुनी वस्तू असेल त्याने फोटो देऊन तिची नोंदणी करावी. कायदा चांगला होता, पण त्याचा पहिला फायदा व्यापाऱ्यांनीच उचलला. चोरीची मूर्ती आणायची, वाडवडिलांपासून घरातली आहे म्हणायचं, फोटो काढायचा, नोंदणीचा कागद मिळवायचा. एकदा कागद हातात आला की चोर साव झाला.

ही मूर्ती अशीच एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याच्या गोदामात सापडली. काळ्या दगडाची, दीड हात उंच, दोन माणसांनी उचलावी अशी. चेहरा इतका शांत की बघणारा आपोआप हळू बोलायचा. कुणी विष्णू म्हणायचा, कुणी आणखी काही. मला मूर्तीतलं कळत नाही. ज्याने ती विकली त्या भुरट्या चोराने पोलिसांना गावातली जागा दाखवली होती, पण कोर्टात तो साफ उलटला.

मूर्ती आली त्या दिवशी तायडेबाबूंनी ती खिडकीखाली उजेडात ठेवून घेतली आणि खोलीचं दार आतून लावलं. असं ते कधी करत नसत. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा रजिस्टरात नोंद झाली होती. शेवटचं वाक्य मला पाठ आहे: 'मूर्तीची मागील बाजू गुळगुळीत. घाव, खूण अथवा तडा नाही.' इतर कुठल्याही वस्तूच्या नोंदीत, काय नाही हे त्यांनी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. दोन महिने ते त्या खोलीत डबा खायला गेले नाहीत, माझ्या टेबलाशी येऊन बसत.

गावातली माणसं चैत्रात आली. हार, नारळ, तेलाची बुधली, शेंदराची पुडी घेऊन. पुढे पाटील, उंचेपुरे, पांढरी टोपी. मागे देवळाची पूजा करणारी गुरवाची म्हातारी, पाठीतून वाकलेली. तायडेबाबूंनी दार उघडलं आणि उंबऱ्यात उभे राहिले.

"आत येता येत नाही, पाटील. इथूनच पाहा."

"अरे, आमचा देव हाये! तेल तं लावू दे."

"तेल लावलं तं पुरावा बदलते. कोर्टाची मनाई हाये."

पाटलांनी खाली मान घातली. मग गावची माणसं एकेक करून उंबऱ्याशी येऊन, वाकून, आत डोकावून गेली. ह्याच देवाच्या उंबऱ्यापासून तायडेबाबूंच्या बापाला जन्मभर वीस पावलं लांब उभं केलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, त्या दिवशी सूड घेतल्यासारखं वाटलं का? ते कंटाळून म्हणाले, "नियम होता, राऊत. सूड असता तं मजा आली असती."

म्हातारी शेवटी आली. तिने डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "हा आमचा देवबा नाई वाटत, बाप्पा."

सगळा घोळ इथेच होता. गावातल्या कुणालाही देवबाचं उघडं रूप आठवत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं शेंदरावर शेंदूर चढून त्याचा टोपल्याएवढा तांबडा गोळा झाला होता, आणि त्यावर चांदीचे डोळे चिकटवलेले. गावाचा देव म्हणजे तो गोळा. चोराने तो खरवडून टाकला होता, आणि आतून जो निघाला त्याला गाव ओळखत नव्हतं.

कोर्टात हेच झालं. व्यापाऱ्याचा वकील गोड बोलणारा होता. त्याने पाटलांना पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या देवाला नाक कसं होतं?"

"शेंदरात नाक दिसत नव्हतं सायेब."

"हात किती होते?"

"हात... असतीनच ना सायेब. देव हाये."

"मग तुम्ही ओळखता कशावरून?"

"चांदीचे डोळे व्हते."

कोर्टात हशा पिकला. वकिलाने नोंदणीचा कागद आणि फोटो पुढे ठेवला. त्याच्याकडे सरकारी शिक्का होता, गावाकडे फक्त भक्ती होती. शेवटी त्याने विचारलं, मूर्ती गावात आली कुठून. पाटलांनी छाती काढून सांगितलं, "माह्या बापाले दृष्टांत झाला. सपनात देव आला अन् म्हणे मले बाहीर काढ. बापानं जागा दावली, तिथं देव परगट झाला." वकील म्हणाला, स्वप्नाची नोंदणी कोणत्या कचेरीत होते?

त्या दुपारी तायडेबाबू माझ्या टेबलाशी आले. डबा उघडला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "खोटं बोलून राह्यला पाटील. सपन मागून पडलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. दुष्काळाचं साल होतं. देवळामागची विहीर आटली. ती खोल करायला गावाने त्यांच्या वडिलांना, किसन तायडेंना, उतरवलं. विहिरी खोदण्यात त्या माणसाचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. सात-आठ हात खाली गेल्यावर कुदळ दगडावर बसली, आवाज वेगळा आला. त्यांनी माती बाजूला केली तर खांदा. मूर्ती पालथी पडलेली होती आणि कुदळीचा घाव तिच्या पाठीत बसला होता, उजव्या खांद्याखाली, दोन बोटं रुंद. किसनने ती मिठीत धरून दोराला बांधली, वर आणली, धरून धुवू दिली. मग गावाने ती देवळात नेली. आठ दिवसांनी पाटलाच्या बापाला दृष्टांत झाला. म्हाराच्या कुदळीने देव सापडला, हे गावाला परवडणारं नव्हतं. विहिरीला पाणी लागलं, आणि त्या पाण्यावर पहिली मनाई किसनलाच झाली.

"बानं हे आमाले हजारदा सांगतलं. दोन बोटं घाव. बोटं लावून दावे. म्हणे, गावानं काहीही म्हटलं तरी देवाच्या पाठीवर माही सही हाये."

मी म्हटलं, "मग झालंच की! घाव बघितला की—"

"पाह्यला. आल्या दिवशीच पाह्यला. नाई तिथं घाव. गुळगुळीत हाये." त्यांनी डब्याचं झाकण नुसतंच फिरवलं. "म्हंजे एक तं हा तो देव नव्हे, नाई तं बा आमाले जन्मभर थापा मारत होता."

त्यांना ह्यातलं कोणतं खरं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मूर्ती आली त्या दिवसापासून ते गावी गेले नव्हते. म्हातारा निरोपावर निरोप पाठवायचा, हे सुटी नाही म्हणून टाळायचे. चाळीस वर्षांचा नोकरदार माणूस, पण बापाची एक गोष्ट खोटी निघाली म्हणून पोरासारखा रुसला होता. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला.

गोष्ट तिथेच मिटायची, पण गुरवाच्या म्हातारीने ती उकरली. पुढच्या तारखेला ती कोर्टाच्या ओसरीवर बसली होती. सरकारी वकिलांनी वैतागून विचारलं, "आजी, तुमच्या गावात एकानेही देव उघडा पाहिला नाही का?" म्हातारी म्हणाली, "पाह्यला ना. किसन्यानं पाह्यला. त्यानंच तं काढला व्हता हिरीतून." पाटील तिच्या अंगावर ओरडले, पण शब्द गेला तो गेला. किसन तायडेंच्या नावाने समन्स निघालं.

तायडेबाबूंनी त्याच दिवशी साहेबांना अर्ज दिला: 'सदर साक्षीदार माझे वडील आहेत. सबब साक्ष होईपर्यंत मुद्देमालाची किल्ली माझेकडून काढून घ्यावी.' पट्ट्याची नाडी सोडायला त्यांना बराच वेळ लागला. एवढ्या वर्षांत ती गाठ कधी सुटलीच नव्हती.

साक्षीच्या सकाळी म्हातारा पहिल्या एस.टी.ने आला. पांढरं धोतर, बंडी, हातात काठी, पंजे केवढे तरी मोठे. तायडेबाबूंनी त्यांना चहा पाजला, ओसरीवर बाकावर बसवलं आणि स्वतः दहा हात लांब जाऊन उभे राहिले. मी त्यांना गाठलं. "सांगितलं का? घाव नाही म्हणून?"

"नाई."

"अहो, भर कोर्टात हसं होईल त्यांचं!"

"साक्षीदार हाये तो. त्याले काही सांगता येत नाही."

"बाप आहे तुमचा!"

"म्हनूनच," ते म्हणाले आणि खांबाकडे तोंड करून उभे राहिले.

म्हाताऱ्याने साक्ष बेधडक दिली. विहीर, कुदळ, खांदा, दोर. दृष्टांताबद्दल विचारलं तर म्हणाला, "सपन पाटलाले पडलं सायेब, पन खाली मी व्हतो." मग त्याने घावाचं सांगितलं आणि हवेत दोन बोटं धरून दाखवली.

मूर्ती आत आणली. पाठ साहेबांकडे केली. सगळे पुढे झुकले. पाठ कशी, आरशासारखी. व्यापाऱ्याच्या वकिलाने काही बोलायचीही तसदी घेतली नाही. त्याने फक्त मुद्देमालाचं रजिस्टर मागवलं आणि त्यातली ओळ वाचली: 'घाव, खूण अथवा तडा नाही.' मग ते पान म्हाताऱ्यापुढे धरून विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"माह्या पोराचं दिसते," म्हातारा म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्षर ओळखत होता. त्याने दाराकडे पाहिलं. तायडेबाबू तिथे उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मी कोर्टात खून झालेल्यांचे बाप पाहिले आहेत, फाशीची शिक्षा ऐकणारी माणसं पाहिली आहेत. पण त्या म्हाताऱ्याची ती नजर मला आजही सोडत नाही.

मग तो साहेबांकडे वळला. "सायेब, मले हात लावू द्या."

साहेबांनी परवानगी दिली. म्हाताऱ्याने तळहात मूर्तीच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू वरून खाली सरकवला. एका जागी थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा तिथेच थांबला. बोटाच्या हाडाने टकटक केलं. शेजारी केलं. पुन्हा तिथे केलं.

"इथं दगड थंडा लागत नाही," तो म्हणाला. "अन् आवाज बसका येते. भरलं हाये हे. कोनीतरी लिंपलं हाये."

वकील उठून उभा राहिला, हरकत म्हणाला. म्हातारा म्हणाला, "कढत पानी द्या. दगडाले काही होत नाही कढत पान्यानं."

साहेबांनी शिपायाला समोरच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणायला सांगितलं. आणि तेवढ्यात दारातून तायडेबाबूंचा आवाज आला.

"साहेब, मुद्देमालाच्या स्थितीत बदल होईल. लेखी हुकूम पाहिजे."

सगळं कोर्ट त्यांच्याकडे पाहत राहिलं. किल्ली त्यांच्याकडे नव्हती, बोलायचा हक्कही नव्हता. बाप पणाला लागलेला, आणि हा माणूस कागद मागत होता! मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, हुकूम लिहिला, सही केली. पुढे वरच्या कोर्टात व्यापाऱ्याने त्याच पाण्यावर बोट ठेवलं, आणि तो कागद होता म्हणूनच साक्ष टिकली. पण हे नंतर कळलं.

चहाच्या किटलीतून पाणी आलं. पहिल्या धारेला काही झालं नाही. दुसऱ्या किटलीला पाठीवर एक फिकट डाग उमटला. तिसऱ्या किटलीला दगडाची पूड आणि डिंकासारखं काहीतरी चिकट ओघळायला लागलं. म्हाताऱ्याने नखाने टोकरलं. ठोकळ्यासारखा एक तुकडा निखळून टेबलावर पडला, आणि खाली घाव होता. म्हाताऱ्याने आपली दोन बोटं त्यात ठेवली. बरोबर बसली.

मग त्याने बोटं काढून धोतराला पुसली आणि विचारलं, "जाऊ काय सायेब?"

बाहेर बाकावर बापलेक बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो होतो म्हणून ऐकलं.

"तुले दिसला नव्हता काय घाव?"

"नाई बा."

"मंग मले खोटा समजला अशीन."

तायडेबाबूंना 'नाही' म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. "हो," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "बरं." आणि किन्हीराजाची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

किल्ली परत मिळाल्यावर तायडेबाबूंनी पहिलं काम केलं ते रजिस्टर उघडायचं. जुन्या ओळीवर काट मारली नाही. खाली लिहिलं: 'वरील नोंद अपुरी. लिहिणाराने डोळ्याने पाहिले, हाताने पाहिले नाही.' आणि सही.

त्यानंतरचं सगळं आमच्या खात्याच्या चालीने झालं. साहेब निकालात लिहून मोकळे झाले की नोंदणी म्हणजे मालकी नव्हे. पण व्यापारी अपिलात गेला. त्यात कुणीतरी मुद्दा काढला की जमिनीतून निघालेली वस्तू सरकारची असते, मग कागद अकोल्याला गेले, तिथून आणखी वर गेले, चुकीच्या कचेरीत गेले, परत आले. मी त्यातल्या किती कागदांच्या नकला केल्या त्याला गणती नाही. मूर्ती खिडकीखाली उभीच होती. तायडेबाबू आता पुन्हा तिथे डबा खायला लागले होते. दर महिन्याला गावी जात होते. एका सोमवारी ते डोकं भादरून आले. म्हातारा गेला होता. मूर्ती गावाला परत द्यावी असा शेवटचा हुकूम आला, तो त्यानंतर पाच महिन्यांनी.

मूर्ती न्यायला गाव ट्रॅक्टर घेऊन आलं. डफडी, गुलाल, शेंदराचा डबा. तायडेबाबूंनी पोचपावती पुढे केली. त्यावर मुद्देमालाचं वर्णन होतं आणि खाली गावच्या पंचांनी सही करायची होती. पाटलांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय लिवलं, बाबू?"

"वर्णन हाये."

"'मूर्तीच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली दोन बोटे रुंद घाव. सदर घाव विहीर खोदताना मूर्ती सापडली त्या वेळी किसन तायडे यांचे कुदळीचा.' हे कायले पायजे? नुसतं मूर्ती मिळाली असं लिव ना."

"कोर्टानं ह्याच खुनेवरून मूर्ती तुमची ठरवली. वर्णन मान्य करा, सही करा, घेऊन जा."

"अरे, आमचा देव दृष्टांतानं आला हाये. साऱ्या पंचक्रोशीले मालूम हाये."

"मंग तो दुसरा असन, पाटील," तायडेबाबू म्हणाले. आवाज जराही चढला नाही. "हा घाववाला हाये. तुमचा तुमी शोधा."

डफडी थांबली. पाटील पेन धरून उभे. कुणी म्हणालं वकिलाला बोलवा, कुणी म्हणालं साहेबांकडे चला. अर्धा तास झाला. तायडेबाबू पावतीचं रजिस्टर पुढे धरून उभे होते, हात अवघडले तरी खाली ठेवलं नाही. शेवटी गुरवाची म्हातारी गर्दीतून वाट काढत आली.

"कर ना सही," ती पाटलांना म्हणाली. "किसननं धरला व्हता, म्या पानी टाकलं व्हतं. तू तवा लहान व्हता. कायले मरतेवेळी आमाले खोटं बोलाले लावतं?" आणि तिने स्वतःचा अंगठा शाईत बुडवून, कुणी सांगायच्या आत, त्या ओळीखाली उठवला. मग पाटलांनी सही केली. तायडेबाबूंनी ती टिपकागदाने टिपली.

ट्रॅक्टरवर मूर्ती ठेवल्याबरोबर गावकऱ्यांनी डबा उघडला. तेलात शेंदूर कालवला आणि तिथेच, कोर्टाच्या अंगणात, फासायला सुरुवात केली. आधी तोंड, मग छाती, मग पाठ. घाव दोन मिनिटांत बुजला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बाबू, अहो बघा, काय चाललंय!"

त्यांनी पाहिलं. "लावू द्या," ते म्हणाले. "आता तो मुद्देमाल नाई." आणि खोलीला कुलूप लावायला गेले. आत आता मूर्ती नव्हती तरी खिडकीही लावली.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. नक्कल मागणाऱ्यांची रांग होती, त्यात उभे राहिले. मी आत बोलावलं, खुर्ची सरकवली, आले नाहीत. नंबर आल्यावर रीतसर अर्ज पुढे केला, वर कोर्ट फीचा स्टँप लावलेला. त्या पोचपावतीची नक्कल हवी होती. मी टाइप करून दिली. त्यांनी खिडकीशी उभं राहून ती शब्दन् शब्द वाचली आणि परत केली. मी घाईत 'किसन तायडे यांचे' ऐवजी नुसतं 'तायडे यांचे' टाइप केलं होतं.

"नाव पुरं पायजे," ते म्हणाले. मी नवीन कागद लावला. ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. दुसरी नक्कल त्यांनी वाचली, मान हलवली, चार घड्या केल्या, बुशशर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागले. पट्ट्याला किल्ली नव्हती, तरी चालताना हात तिथे जात होता.

ते गेल्यावर मी त्यांचा अर्ज फाइलला लावायला घेतला. नक्कल कोणत्या कामासाठी हवी, असा एक रकाना असतो. लोक तिथे 'अपिलासाठी' लिहितात, 'दाव्यासाठी' लिहितात. तायडेबाबूंनी त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'घरी नेण्यासाठी.'